टॅन्सीचं पळणं

गिल्डरॉय काकाचा गाडा पाटाच्या बांधावरून येताना दिसला, तेव्हा केझाया दोरीवरचे सॅम्सनचे लंगोट काढत होती. रात्रभराच्या गारठ्याने ते इतके कडक झाले होते, की दुमडायला गेलं तर पापडासारखे मोडतील असं वाटत होतं. हातातला लंगोट तसाच धरून ती बघत राहिली. आला एकदाचा, तिच्या मनात आलं.

काका कुत्रं न्यायला आला होता. टॅन्सी किंवा फ्लिंट, दोघांपैकी एक. कोणतं, ते आज ठरणार होतं.

बोलणं जुनं होतं. केझायाचे सासरे वेस्टर यांची कुत्री अर्धी मेंढरं राखणाऱ्या जातीची, अर्धी शिकारी. तिच्यासाठी नर आणला होता त्यांच्या भावाचा, म्हणजे गिल्डरॉय काकाचा, अस्सल ग्रेहाउंड. नरवाल्याला त्याचा मोबदला म्हणून एक पिल्लू द्यायचं, आणि तेही पिल्लं पळत्या वयाची झाली की त्यांना रानात सोडून, बघून, त्याने निवडलेलं, ही गाड्यांतून भटकणाऱ्या त्यांच्या लोकांतली रीत. दोघांनी तळहातावर तळहात आपटला होता. एकदा हात आपटला की संपलं. मग गाड्याला आग लागो नाहीतर राजा दारात येवो, शब्द फिरवायचा नाही. पुढे कुत्र्यांच्या रोगाच्या साथीत पिल्लं एकेक करून गेली आणि दोनच उरली.

फ्लिंट सासऱ्यांच्या पायाशी वाढला. टॅन्सी केझायाच्या मांडीवर.

सॅम्सन जन्मला तोच हिवाळा होता तो. सगळ्यात खुजं, दूध ओढायचंही बळ नसलेलं ते पिल्लू सासऱ्यांनी बाजूला टाकलं होतं. "त्याला आता त्रास देऊ नका," म्हणाले होते. बाळंतीण बाईला काय सुचेल सांगता येत नाही. केझायाने ते उचललं, चुलीजवळच्या खोक्यात सॅम्सनच्या पायाशी ठेवलं, आणि बोट शेळीच्या दुधात बुडवून त्याला चोखायला दिलं. एकाचं झालं की दुसऱ्याचं, दुसऱ्याचं झालं की पहिलं रडायचंच. झोप म्हणजे काय ते त्या हिवाळ्यात ती विसरून गेली होती. पण दोन्ही जगली.

आणि दोन्ही निघाली विचित्रच. टॅन्सी खरबरीत केसांची, मान खाली घालून चालणारी, कुत्र्यापेक्षा एखाद्या विचारात पडलेल्या म्हातारीसारखी. सॅम्सन दीड वर्षाचा होत आला तरी पाऊल टाकेना. रांगलाही नाही तो कधी. बसल्या बसल्या एक पाय पुढे टाकायचा, हाताने जमीन मागे लोटायची आणि ढुंगणावर घसरत जायचं, ही त्याची चाल. गवतावर, चिखलात, कुठेही.

"नाव सॅम्सन, आणि झिजवतोय काय तर चड्डीचं बूड," सासरे म्हणायचे.

टॅन्सीची खरी गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नव्हती. केझाया बाबागाडी ढकलत गावोगाव कपड्यांचे लाकडी चिमटे विकायला जायची, तेव्हा टॅन्सी गाडीच्या सावलीत चालायची. मध्येच कुंपणातून दिसेनाशी व्हायची. केझाया हाक मारायची नाही. थोड्या वेळाने टॅन्सी पुढच्याच फटीतून यायची, तोंडात जिवंत ससा, आणि तो अलगद केझायाच्या हातात द्यायची. केस विस्कटलेला नाही, दात लागलेला नाही. केझाया त्याची मान मुरगळायची, आणि ससा जायचा सॅम्सनच्या गोधडीखाली. एकदा तर पोलीसदादाने वाकून सॅम्सनचा गालगुच्चा घेतला होता, आणि त्याच्या हाताखाली वीतभर अंतरावर परक्या रानातून चोरून धरलेले दोन मोठे ससे होते.

घरी आल्यावर रूबेन सांगायचा, "फासात सापडला, बाबा." नवराही तिला चांगला मिळाला होता. ज्याचा बोभाटा होत नाही ते कोणी मागत नाही, एवढंच केझायाचं गणित होतं.

आज ते गणित रानात उघडं पडणार होतं.

काका चहा घेत होता तेवढ्या वेळात तिने एक वाडगा भरला. शिळा पाव, वर डुकराची वितळलेली चरबी, थोडं मीठ. टॅन्सीसमोर ठेवला. पोट भरलेलं कुत्रं जड पळतं. आज जड पळाली की झालं.

मागे रूबेन उभा होता. "पळायच्या आधी खायला घालतेस?"

"भुकेली आहे ती."

"केझी."

तिने वाडगा टॅन्सीकडे आणखी सरकवला.

"भरल्या पोटी सोडली तर आतडं पिळतं. माझ्या आजोबांचा लाल कुत्रा तसाच गेला."

टॅन्सीने वाडग्याला तोंड लावलं नव्हतं. ती केझायाकडे बघत होती, हे माझंच ना, असं विचारत असल्यासारखी. केझायाने वाडगा उचलला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आला. गिल्डरॉय काकाला फसवायला तिची काही हरकत नव्हती. पण टॅन्सीच्या पोटातून नाही.

"तू त्या क्षणी तिचा पट्टा जरा उशिरा..."

"पट्टा एकच असतो दोघांना," रूबेन म्हणाला. "सुटतात एकदम. बाबांच्या नजरेतून काही सुटणारे का?"

रान पाटापलीकडचं होतं. कोवळा गहू ससे फस्त करतायत, न्या जेवढे न्यायचे तेवढे, असं शेतमालकाने स्वतः सांगितलं होतं. जमीन थंडीने टणक, आभाळ खाली टेकलेलं, आणि कुठे म्हणून चढ नाही की उतार नाही. रूबेन दोघांना एका पट्ट्यात घेऊन पुढे निघाला. म्हातारे दोघे त्याच्या मागे. केझाया सॅम्सनला शालीत पाठीशी बांधून पार मागे, बांधाच्या फाटकापाशी थांबली. बायकांनी तिथपर्यंतच यायचं असतं.

"कुत्री आहे का पायपुसणं?" काकाचा आवाज थंड हवेत स्वच्छ ऐकू आला.

"तुझ्याच नराची लेक," सासरे म्हणाले. "बापावर गेली नाही यात माझा काय दोष?"

"आईवर गेली असेल."

"माझ्या कुत्रीबद्दल तोंड सांभाळून बोल, गिल्डरॉय."

"बरं, तुझ्यावर गेली असेल."

सासरे खो खो हसले. ते खुशीत होते. त्यांना फ्लिंट ठेवायचा होता, आणि तरीही फ्लिंटचं पळणं भावाला दाखवल्यावाचून त्यांना राहवत नव्हतं. माणसाचं असंच असतं, केझायाला वाटलं. दाखवायचं तर असतं, द्यायचं मात्र नसतं.

ससा रूबेनच्या जवळजवळ पायाखालूनच उठला. रानातला मोठा ससा, कानाची टोकं काळी. या लोकांच्या जुन्या बोलीत त्याला कानेंग्रो म्हणतात, कानवाला. त्याला आधी वाट द्यायची असते. रूबेनने दोघांना आवरून धरलं, सशाला हवं तेवढं अंतर घेऊ दिलं, आणि मग पट्टा सोडला.

फ्लिंट सुटला.

केझायाने त्याचं वाईट चिंतलं होतं, पण तिचाही श्वास अडकला. तो पळत नव्हताच. तो दुमडत होता आणि उलगडत होता. मागचे पाय कानांच्याही पुढे यायचे, पाठीची कमान व्हायची, आणि मग ती कमान सुटायची. दुमडला की चारही पाय अधांतरी. ताणला गेला की पुन्हा अधांतरी. टणक जमीन त्याच्या नखांखाली नगाऱ्यासारखी वाजत होती. एवढं थोरलं अंतर कोणी चादर ओढून घ्यावी तसं त्याने ओढून घेतलं.

"बघ! बघ त्याला!" सासरे ओरडले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

तोंड सशाला लागणार, एवढ्यात ससा जागच्या जागी वळला. फ्लिंट वेगाने सरळ निघून गेला, मागचा भाग घसरला, माती उडाली, आणि पुन्हा तो दुमडला, पुन्हा उलगडला. पुन्हा गाठला. पुन्हा ससा वळला. दोघांपैकी कोणाकडे बघावं कळेना. ससाही काही कमी नव्हता. एकाकडे वेग होता, दुसऱ्याकडे त्या वेगाची पक्की ओळख.

आणि टॅन्सी? ती त्यांच्या मागे नव्हतीच. बाजूला, लांबवर, ती आपल्याच नादात पळत होती. शरीर जमिनीलगत, मान स्थिर, भरलेली वाटी डोक्यावर घेऊन निघाल्यासारखी. पाठ हलत नाही, माती उडत नाही. सशाकडे तर ती बघतही नव्हती.

"चोरटं पळतेय!" सासऱ्यांनी मांडीवर हात मारला. "भाऊ मरमर मरतोय आणि ही फिरायला निघालीय. बघितलंस? मेंढराचं रक्त ते. दुसऱ्याने दमायचं, हिने मलई खायची."

चोरटं पळणं ही त्यांच्यात शिवी. ज्याचं कुत्रं चोरटं पळतं त्याला लोक हसतात. केझायाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिचे कान तापले. तिच्या लेकराला कोणी मंद म्हटलं की तापायचे, तसेच.

मग तिला दिसलं.

टॅन्सी सशाकडे बघत नव्हती, कारण ती ससा जाणार होता तिकडे बघत होती. बांधाखाली, फाटकापासून थोड्याच अंतरावर, कुंपणात एक भगदाड होतं. सशांची रोजची वाट. चिमटे विकून परतताना टॅन्सी तिथे नाक खुपसून उभी राहायची, आणि केझायाला वाटायचं, काय हुंगतेय ही वेडी. सशाला त्या भगदाडात शिरायचं होतं. प्रत्येक वळणानिशी तो फ्लिंटला चकवत तिकडेच सरकत होता. हे एवढ्या मोठ्या रानात दोघांनाच ठाऊक होतं, सशाला आणि टॅन्सीला.

ससा शेवटचा वळला. फ्लिंट पुन्हा लांब निघून गेला. पुढे मोकळं रान, मग भगदाड. ससा कान पाडून सरळ सुटला, आणि त्याच घटकेला टॅन्सीने मान उचलली. आतापर्यंत राखून ठेवलेलं सगळं तिने त्या तुकड्यावर ओतलं. ससा तिला बघून वळला, तर तीही वळली. त्याच्यामागून नाही, त्याच्याबरोबर, एकाच तालात दोघं नाचावीत तशी. आणि पळता पळताच, वेग न मोडता, आईने दारातून निसटणारं मूल कडेवर उचलावं तितक्या सहज तिने ससा उचलला.

पाटावरून एक बगळा उडून गेला, त्याच्या पंखांचा आवाज तेवढा आला.

रूबेनने शीळ घातली. सासऱ्यांनी हात पुढे केला. टॅन्सी आली, रूबेनजवळून गेली, सासऱ्यांच्या हाताजवळून गेली, गिल्डरॉय काकाच्या बुटांना वळसा घालून गेली. आणि थेट फाटकापाशी येऊन केझायासमोर बसली. ससा जिवंत होता. केझायाने तो दोन्ही हातांत घेतला. त्याचं काळीज तिच्या तळव्यांत धडधडत होतं, आणि पाठीवर शालीतून सॅम्सनचं.

सगळे फाटकाशी आले. फ्लिंट जीभ लोंबवत, धापा टाकत मागे.

"नशीब!" सासरे म्हणाले. "ऐनवेळी मध्ये आली, झालं."

गिल्डरॉय काकाने टोपी काढली होती. थंडीत त्याचं टक्कल लाल दिसत होतं. त्याने केझायाकडे बघून विचारलं, "पोरी, पहिल्यांदाच आणून दिलं का हिने?"

एक हो म्हणायचं होतं, बस. हो काका, पहिल्यांदाच, नशीबच म्हणायचं. तेवढ्याने टॅन्सी वाचली असती. पण नुकतंच जे डोळ्यांनी बघितलं होतं त्यावर खोटं बोलायला तिची जीभ उचलेना.

"नाही काका," ती म्हणाली. "रोज आणते."

"रोज?" सासऱ्यांनी रूबेनकडे बघितलं. "आणि ते फासातले?"

रूबेन आपल्या बुटांचं नीट निरीक्षण करू लागला.

काकाने ससा तिच्या हातातून घेतला, पाठ वळवली आणि एका झटक्यात त्याचं भय संपवलं. मग कितीतरी वेळ तो टॅन्सीसमोर उकिडवा बसून राहिला. तिने त्याचा हात हुंगला, सभ्यपणे, आणि पुन्हा केझायाच्या घोट्याला टेकून बसली. केझायाने सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला. फ्लिंट वाचला होता. तिने खालचा ओठ दातांखाली दाबला.

काका उठला. सासऱ्यांपुढे तळहात धरला.

"फ्लिंट," तो म्हणाला.

"काय?"

"फ्लिंट नेतो. आपट हात."

"अरे, डोळे फुटले का तुझे? आत्ता बघितलंस ना काय केलं तिने?"

"चोरटी पळते म्हणालास ना?"

"ते मी... अरे, मला काय ठाऊक..."

"साठी गेली माझी, वेस्टर, असं पळणं बघितलं नव्हतं." काकाचा आवाज एकदम खाली आला. "पण माझ्या गाड्यात आता आहे कोण? मी, किटली आणि घोडा. फ्लिंटला पळायला रान दिलं की तो माझा. हिला रान पुरणार नाही. हिला आणून द्यायला माणूस लागतं. इथून नेली तर बिचारी तोंडात ससा घेऊन माझ्या गाड्याभोवती फिरत राहील." त्याने तळहात हलवला. "आपट की. हात गारठतोय."

सासऱ्यांनी फ्लिंटकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग असा काही हात आपटला की बगळा पुन्हा उडाला.

"चोर आहेस तू," ते म्हणाले, आणि फ्लिंटच्या मानेत तोंड खुपसून बसले. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतं.

केझायाने शालीची गाठ सोडली आणि सॅम्सनला गवतावर बसवलं. "काका, मी..."

"रस्सा कर सशाचा," काका म्हणाला. "कांदा भरपूर घाल. जेवूनच जाईन म्हणतो."

टॅन्सी गाड्यांच्या दिशेने निघाली, तशी मान खाली घालून, काही घडलंच नाही अशी. तिच्यामागे सॅम्सन निघाला. एक पाय पुढे, हाताचा रेटा, बूड घसरलं, पुन्हा एक पाय पुढे. दहिवरल्या गवतावर त्याच्या बुडाची ओली, हिरवी वाट उमटत गेली. मधल्या खड्ड्याशी केझाया त्याला उचलायला धावणार होती, तेवढ्यात त्याने खड्ड्याकडे नीट बघितलं, हात टेकले आणि वळसा घालून गेला.

"हा कधी पळणार गं?" सासऱ्यांनी मागून नाक ओढत विचारलं.

"हे काय, बाबा," केझाया म्हणाली. "पळतोय की."

सासरे काहीतरी टोमणा मारणार होते. पण टॅन्सी थांबली होती, मागे वळून सॅम्सनची वाट बघत होती. तो पोचेपर्यंत मग तेही गप्प उभे राहिले.