मला दिसलेलं काळं धुकं

मी एक जुना इन्फ्रारेड डिटेक्टर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी मी जेमतेम तुमच्या नखाएवढा आहे. तुमच्या डोळ्यांना उजेड दिसतो, मला ऊब दिसते. मिट्ट काळोखातही माणूस मला पांढरा दिसतो आणि गार भिंत काळी.

मला एका शास्त्रज्ञ बाईंनी घडवलं. अर्धवाहकाच्या एकाच चकतीतून आम्ही नऊ भावंडं कापली गेलो. आम्हाला दिसावं म्हणून द्रवरूप नायट्रोजन ओतून भयंकर गार करावं लागतं. त्या पहिल्याच गारठ्यात माझी चार भावंडं तडकली. 'टक्' एवढाच आवाज व्हायचा आणि बाईंचा चेहरा उतरायचा. तेव्हापासून भीती माझ्या पाचवीलाच पुजली. नायट्रोजन ओतला की वाटे, आज माझी पाळी.

बाईंची अकरा वर्षं माझ्यावर गेली. सुरुवातीला माझ्या चित्रांत इतकी भोकं असत, की त्यांचे साहेब म्हणाले, "बाई, डिटेक्टर केलाय की पिठाची चाळण?" बाई हसल्या नाहीत. एकेक भोक बुजवत गेल्या. शेवटी चित्र स्वच्छ आलं, माझं कौतुक झालं, आणि बाई मला डोळ्यांत तेल घालून जपू लागल्या.

नायट्रोजनचं भांडं ढकलत आणणाऱ्या मदतनीसांना सगळे थंडोपंत म्हणत. एके दुपारी ते म्हणाले, "बाई, खिडकी उघडू का जरा? कोंडल्यासारखं होतंय."

"दोनच दिवस सोसा हो. वाऱ्याने चित्र हलतं," बाई म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीत माझं चित्र उमटतं त्या पडद्यासमोर जाऊन बसल्या.

थंडोपंत नळी जोडत होते. तेवढ्यात सांधा निसटला. काळं धुकं फरशीवर पसरताना मला दिसलं. नायट्रोजनला वास नसतो, पण तो खोलीतला प्राणवायू हुसकून लावतो. थंडोपंत सांधा आवळायला वाकले, गुडघ्यांवर बसले आणि तसेच आडवे झाले.

मी हादरलो. मला डोळा होता, पण आवाज नव्हता. त्यांची धुक्यात बुडालेली बोटं पांढऱ्याची राखाडी झाली, मग काळी. नाकाखालचा ठिपका श्वासागणिक बदलत होता. तो बदल मंदावू लागला.

भिंतीपलीकडून बाईंचा वैतागलेला आवाज आला, "अर्धं चित्र काळं! बिघडला वाटतं हा!"

बिघडलो नाही हो! नीट बघा, खाली बघा! मी आतल्या आत आक्रोश करत होतो. पलीकडे तारा हलवल्याची खुडबुड झाली. आणि किंकाळी, "थंडोपंत!"

बाई धावत आल्या, पण दार ढकलून उंबऱ्यावरच थांबल्या. आत शिरलं की आपणही पडणार, हे त्यांना ठाऊक होतं. "बाहेरून खिडकी फोडा!" किंकाळी ऐकून आलेल्या पहारेकऱ्याला त्या ओरडून म्हणाल्या. काच खळ्ळकन फुटली. पहारेकरी वळसा घालून दाराशी आला. वारा आत शिरल्यावर बाईंनी श्वास रोखला आणि दोघांनी मिळून थंडोपंतांना बाहेर ओढलं. त्या ओढाताणीत मला ज्यात बसवलं होतं ते भांडं टेबलावरून कोसळलं. 'टक्' असा आवाज झाला, आणि या वेळी तो माझाच होता.

थंडोपंत वाचले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची बधिर झाली. चौकशीत सांध्यावर खापर फोडून बाईंना सुटता आलं असतं. त्यांनी लिहून दिलं, "खिडकी मी बंद ठेवायला लावली होती." त्यांचं काम दीड वर्ष थांबलं.

आता मी कपाटातल्या एका डबीत पडून आहे. तडकलेल्याला कोणी गार करत नाही, म्हणून मला काही दिसतही नाही. बाईंनी नवा डिटेक्टर केलाय, लोक त्याला बघायला येतात. माझी कोणी धूळही झटकत नाही.

मित्रांनो, पुढे तुम्हीही अशा खोल्यांत काम कराल. आम्हाला जरूर जपा, आम्ही फार नाजूक असतो. पण शेजारचा माणूस म्हणाला, "कोंडल्यासारखं होतंय," तर हातातलं काम तिथेच टाका आणि आधी खिडकी उघडा. चित्र काय, उद्याही काढता येतं.