काकूंना फ्लू का झाला नाही

रुग्णालयाच्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धुणाऱ्या काकूंचा नवरा गेल्या थंडीत फ्लूनं गेला. नऊ दिवस काकू त्याच्या उशाशी बसून होत्या. त्याचा खोकला तोंडावर झेलला, पण त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. भेटायला आलेली मोठी नणंद जाता जाता म्हणाली, "तुला बरं काही झालं नाही. दवाखान्यातलं सगळं कपड्यांबरोबर घरी येतं म्हणतात."

ते बोलणं काकूंच्या काळजात कुसळासारखं रुतलं. तेव्हापासून कामावरून आल्या की कोपरापर्यंत हात घासत बसायच्या. घरात लागण व्हायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, तरीही.

पुढं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं फ्लूच्या अभ्यासासाठी सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं आणि तिथल्या संशोधक बाईंनी काकूंना बोलावून घेतलं. झालं, आता आपलंही काहीतरी निघालं, असं म्हणत काकू गेल्या.

"आजार नाही हो काही," बाई हसल्या. त्यांनी पडद्यावर अंगभर खुंट्या असलेला एक गोळा दाखवला. "हा फ्लूचा विषाणू. पेशीत नवे विषाणू तयार झाले की ते तिच्या अंगावरच्या साखरेच्या धाग्यांना चिकटून राहतात. या काही खुंट्या म्हणजे एक एन्झाइम आहे, कात्रीच समजा. ती ते धागे कापते, मग विषाणू सुटून पुढच्या पेशीवर जातात."

मग गोळ्याशेजारी एक निळा आकार आला. "ही तुमच्या रक्तातली अँटीबॉडी. तिचं टोक बरोबर कात्रीच्या पात्यांत जाऊन बसतं. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, पण पाती फारशी बदलत नाहीत. म्हणून ती बऱ्याच जातींच्या फ्लूला पुरून उरते."

"म्हणजे मेला जन्मला तिथंच अडकून बसतो."

"अगदी तसंच."

काकूंनी त्या निळ्या आकाराकडं बोट दाखवलं. "मग हे आमच्या ह्यांना का नाही देता आलं? फ्लूनंच गेले ते."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हतं. आणि नुसतं रक्त देऊन भागत नाही. ही एकच अँटीबॉडी वेगळी काढायची, वाढवायची, तपासायची. औषध व्हायला वर्षं लागतात."

"आणि घरात मीच आणला असेल तर?"

"ही अँटीबॉडी विषाणूला आत यायला बंदी करत नाही, फक्त पसरू देत नाही. तुम्हाला झालाही असेल, न कळण्याइतका. तुमच्याकडून त्यांना गेला असण्याची शक्यता कमी वाटते. पण नाहीच गेला, असं छातीठोकपणे सांगितलं तर ते खोटं होईल."

खोटा दिलासा मिळाला नाही, तरी काकूंचा जीव हलका झाला. बाईंना अभ्यासासाठी पुन्हा रक्त हवं होतं. त्यांनी आपणहून बाही वर केली.

रविवारी त्या नणंदेकडं गेल्या आणि जमेल तसं सगळं सांगितलं. नणंद भाजी निवडत ऐकत होती. हातातली जुडी तशीच राहिली.

"तो आजारी पडायच्या आधी मी आले होते ना तुमच्याकडं," ती खाली मान घालून म्हणाली, "तेव्हा माझ्या अंगात कणकण होती. घसाही धरला होता. कुणाला बोलले नाही. तुला बोलले ते... माझ्यावर येऊ नये म्हणून."

काकूंना राग आला. चांगलाच आला. पण समोर बसलेली बाई वर्षभर कशी झोपली असेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"ताई, कुणाकडून आला ते त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आपण कोण सांगणार?" आणि अर्धी जुडी आपल्याकडं ओढून निवडू लागल्या.

पुढच्या आठवड्यात नणंद हट्टानं प्रयोगशाळेत आली. तिनंही रक्त दिलं. तिच्यात तसलं विशेष काही निघालं नाही.

"घराण्यात एकीच्या रक्तात असलं तरी पुरे," ती म्हणाली. थोडी हिरमुसलीच होती.