पडद्यावरची टेकडी

माझ्या बाळाच्या, एलियेसरच्या, घोट्याला माझ्या आईने काळ्या खड्याशेजारी एक घुंगरू बांधलं होतं, नजर लागू नये म्हणून. तो रांगायला लागला तेव्हापासून मी त्या घुंगरावरच विसंबले. हात पिठात असले तरी माझं सोनं कुठे पोचलंय ते कळायचं.

सोमवारपासून मला पुन्हा बेकरीत जायचं होतं, बाळ दिवसभर त्याच्या बापापाशी, विल्फ्रिदोपाशी.

"अगं, भिंतीएवढे स्पीकर सांभाळतो मी, हे एवढंसं पोर नाही सांभाळणार?"

आमचं अर्धं बारांकिया शहर त्याच्या पिकोवर, म्हणजे नाचासाठी रचलेल्या त्या स्पीकरांच्या भिंतीवर, नाचतं. त्या रंगीत स्पीकरांना छाती टेकून उभं राहायचं, ही पिकोवाल्यांची ऐट.

त्या दुपारी तो शनिवारच्या नाचाच्या गाण्यांचा आवाज संगणकावर बसवत होता. मी मक्याच्या अरेपा तळत होते आणि गाणं कानात सुईसारखं टोचत होतं.

"कर्कश होतंय रे."

"कर्कश? उलट दबलंय! हे बघ, कार्निव्हलला होती तेवढीच टेकडी."

पडद्यावर बारीक, किणकिणत्या आवाजांची रेघ खरंच तेवढीच, टेकडीसारखी फुगलेली. पण ते सॉफ्टवेअर लबाड. रेघ कितीही चढवा, चौकटीत मावेल अशी दाबून दाखवतं. ते आवाज किती चढवलेत याचा खरा आकडा खालच्या चौकोनात असतो, आणि तो उघडणाऱ्याला पिकोवाले 'हिशेबनीस' म्हणून चिडवतात.

मी चौकोन उघडला. कार्निव्हलच्या गाण्यात तीन. ईस्टरच्या, सहा. आजच्या, चौदा.

"काय हिशेबनीसबाई, जमा किती?"

मी आकडा शून्यावर आणला. गाणं मऊ झालं, खुळखुळे स्वच्छ ऐकू यायला लागले.

"अगं, खुळखुळे कुठे गेले? मारलेस की!"

गाणं संपलं. घरात शांतता. आणि त्या शांततेत छुम, छुम. जिन्याकडून.

जिन्याचं दार विल्फ्रिदोच्या पाठीशी, हातभर अंतरावर. त्याची मान हललीसुद्धा नाही.

मी धावले. वरच्या पायरीवर बाळाचा एक हात अधांतरी होता. उचलून छातीशी धरलं, तर ते खुदकन हसलं आणि पाय झाडायला लागलं. घुंगरू नुसतं खणखणत होतं.

"निजलं वाटतं," मागे न बघता विल्फ्रिदो म्हणाला. "सोमवारी तू बिनघोर जा. घुंगरू आहेच की."