कोळसा न पाहिलेला कागद

मी शेअरचा कागद आहे. रद्दीत घालण्याआधी जरा ऐका, कारण कागदाच्या जातीला रद्दीवाल्याइतकं भय कशाचंच नसतं.

शिमुलडांगा कोल कंपनी, लिमिटेड. हे माझं घराणं. अंगावर वेलबुट्टी, मधोमध खाणीच्या तोंडावरच्या भल्यामोठ्या चाकाचं चित्र, खाली दोन साहेबांच्या सह्या. बंगालातल्या त्या खाणीत दहा वाटे ज्याचे, त्याचं नाव माझ्या पोटावर शाईनं लिहिलेलं. एवढा थाट असूनही खरं सांगतो, मी आजवर कोळशाचा एक खडा पाहिलेला नाही. तो कोण खणतं, किती खोल उतरून खणतं, हे माझ्यावर कुठंच छापलेलं नाही. सह्या मात्र साहेबांच्या.

माझा जन्म १९०८ सालचा, कलकत्त्याचा. त्या वर्षी तिकडं कोळशाच्या कागदांना नुसता ऊत आला होता. छापखान्यातून आम्ही गठ्ठ्यांनी बाहेर पडलो आणि देशभर पांगलो. मी आलो शहापूरला.

शहापूर बेळगावला अगदी चिकटलेलं, पण राज्य सांगलीकरांचं. नाका ओलांडला की इंग्रजांचा मुलूख. माझा पहिला धनी नागोजी तिथला विणकर. घरात खड्ड्याचा माग, त्यावर लुगडी विणायची, हा त्याचा धंदा. सुताचे गठ्ठे सोडवायला तो बेळगाव स्टेशनावर जायचा आणि काम झालं तरी परतायचा नाही. इंजिनाच्या तोंडात फावड्यानं कोळसा लोटताना बघत उभा राहायचा. असाच एकदा सुताच्या व्यापाऱ्याकडं आलेला मुंबईचा दलाल त्याला भेटला, आणि मी नागोजीच्या पिशवीतून शहापूरला पोचलो.

घरी रुक्माबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला उलटासुलटा करून पाहिलं.

"ह्ये काय म्हणायचं?"

"खाणीचा वाटा. गाडी कोळसा खाती. गाडी हाय तंवर खाण हाय."

"खाण बघितलासा?"

"न्हाय."

"म्हस घ्याला गेलासा तर चारदा दात बघतासा. आणि ह्ये न बघताच?"

नागोजी मागाकडं वळला. मला मात्र बाई आवडली. व्यवहारातला पहिला प्रश्न तिनंच विचारला होता.

पुढच्याच वर्षी माझा भाव आपटला. नागोजीचा धाकटा भाऊ यल्लाप्पा शेजारीच राहायचा. तो येता-जाता म्हणायचा, "दादा, कोळसा उगाळावा तेवढा काळाच." नागोजी हसून मागावर धोटा फेकत राहायचा. मला रागच येई. भाव पडला म्हणून मी काही फाटलो नव्हतो. खाण होती तिथंच होती, इंजिनाची भूकही तेवढीच होती.

मग युरोपात लढाई पेटली. कोळशाला सोन्याचे दिवस आले आणि दरसाल नफ्याचा वाटा पोस्टानं घरी येऊ लागला. यल्लाप्पाची म्हण बंद झाली. पण सुखाचे दिवस थोडेच. १९१८ साली मानमोडीची साथ आली आणि तीन दिवसांच्या तापात नागोजी गेला. मागावर अर्धं लुगडं तसंच राहिलं.

रुक्माबाईला नऊ वर्षांची एक मुलगी, दुर्गा. बाकी कुणी नाही. दिवस झाल्यावर यल्लाप्पा आला. माणूस दुष्ट नव्हता. जे चालत आलं तेच बरोबर, असं मानणारा होता.

"वैनी, माग माझ्याकडं द्या. त्यो कागद बी द्या. तुम्हा दोघींच्या जेवणाचं मी बघतो."

"माग मी चालवीन."

"बाईमाणूस कवा मागावर बसलंय व्हय? कांड्या भराव्या, सूत उकलावं. खड्ड्यात पाय सोडून बसायचं काम न्हवं त्ये."

"हात मला बी हाईत, भावजी."

"हाताचं र्‍हाऊ द्या. सूत कोण देईल तुमाला?"

खरं दुखणं तेच होतं. विधवेच्या हाती कोणताही व्यापारी सूत ठेवायला तयार नव्हता. सूत रोख घ्यायचं तर एकच वाट होती. नागोजी गेल्यापासून कंपनीनं नफा अडवून ठेवला होता. वारसाचा दाखला आणि मूळ कागद पाठवा, नाव बदलून घ्या, मग पैसे मिळतील, असं पत्र आलं होतं. म्हणजे आता सगळा भार माझ्यावर. मी कलकत्त्याला मान्य झालो तर रुक्माबाई मागावर बसणार. नाही झालो तर माग यल्लाप्पाच्या घरी जाणार आणि मायलेकी त्याच्या चुलीपाशी.

सांगली दरबारचा दाखला मिळाला. आणि मग रुक्माबाईनं ती गोष्ट केली, जी फक्त विणकराच्या घरातली बाईच करील.

दहा वर्षांत मी घड्यांवर मऊ पडलो होतो. एवढ्या लांबच्या प्रवासात हा फाटणार, अशी तिला काळजी वाटली. विणकराच्या घरी उभ्या सुताचा ताणा तुटू नये म्हणून त्याला भाताच्या पेजेची खळ देतात. सूत टिकतं, तर कागद का टिकणार नाही? तिनं पेज गाळली, कुंचा बुडवला आणि दोन्ही अंगांनी मला मायेनं सारवून सावलीत वाळत घातलं.

मी वाळलो तेव्हा पापडासारखा ताठ झालो होतो. पण नागोजीच्या नावाच्या जागी निळा डाग उरला होता, आणि माझा नंबर पार पुसून गेला होता.

रुक्माबाई मला मांडीवर घेऊन बसली. नवरा गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. "माज्याच हातानं मी त्यांचं नाव धुतलं गं," एवढंच ती दुर्गाला म्हणत राहिली. यल्लाप्पानं पाहिलं आणि मान हलवली. "आता मागाचं बघूया," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे पुसले, बेळगावच्या पोस्टापाशी बसणाऱ्या अर्जनविसाला गाठलं आणि त्याला सांगितलं, "झालं तसं लिवा. खळ लावली म्हणून लिवा. लबाडी नगं." त्यानं तसंच लिहिलं. माझी घडी होईना म्हणून मला दोन पुठ्ठ्यांत बांधलं आणि रजिस्टर करून धाडलं.

कलकत्त्याच्या कचेरीत एका म्हाताऱ्या बाबूनं मला नाकाशी धरलं. भाताचा वास आला असणार, कारण त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग पत्र वाचून तो मोठ्यानं हसला, आणि हसू ओसरल्यावर जाड वही काढून बसला. आम्हाला त्या वहीतून कापून काढतात, ते सरळ रेषेत नव्हे, मुद्दाम नागमोडी. अर्धा भाग वहीत राहतो. बाबूनं एकेक पान माझ्या काठाला लावून पाहिलं. दुपार गेली. शेवटी एका पानाशी माझा काठ असा बसला की मधे केसही शिरला नसता. त्या पानावर नागोजीचं नाव स्वच्छ होतं. आणि खळीमुळं माझा काठ इतका कडक राहिला होता की कुठं एक टवका उडाला नव्हता, हेही बाबूनं शेजारच्याला दाखवलं.

माझ्या पाठीवर त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: रुक्माबाई. मागोमाग अडलेला नफाही आला.

ती मागावर बसली त्या दिवशी गल्लीतल्या बायका दारातून डोकावत होत्या. पहिल्या दोन वेळा धोटा चुकला. तिसऱ्यांदा बसला. नागोजीचं अर्धं लुगडं तिनं आठ दिवसांत पुरं केलं.

पुढं माझा भाव कितीदा चढला आणि कितीदा पडला, मला मोजताही येत नाही. १९२० साली आभाळाला टेकला, तेव्हा यल्लाप्पानंही चढ्या भावानं असलाच एक कागद घेतला आणि वर्षभरात पस्तावला. मंदीच्या काही वर्षांत दमडीही आली नाही. रुक्माबाई दुर्गाला म्हणायची, "म्हस बी भाकड जाती की गं. म्हणून दावणीची सोडतंय व्हय कोण?" लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली की ती समाधानानं मागाची फणी ओढायची.

आता १९४७ चा ऑगस्ट आहे. दुर्गा शेजारच्या वडगावात दिलेली, पत्रं तीच लिहिते. परवा ती आलेली असताना यल्लाप्पा काठी टेकत आला. मागं दारात त्याची सून बायाक्का उभी होती. रुक्माबाईला वाटलं, गल्लीतल्या बाकीच्यांसारखा हाही कागद विकायला सांगायला आला.

"इंग्रज निघालाय म्हणून इकायचं असंल तर मी न्हाय इकणार," ती आधीच म्हणाली. "त्यो रूळ उपसून नेतोय व्हय?"

"त्ये न्हवं, वैनी." यल्लाप्पानं पिशवीतून माझ्या भावंडाला बाहेर काढलं. "पोरगं गेलं, वरीस झालं. ह्येच्यावर सुनंचं नाव घालायचंय. माग बी तिच्याच नावानं करतोय. मी मेल्यावर भावकीतले तिला मागावर बसू द्यायचे न्हाईत." त्यानं काठी बाजूला ठेवली. "मला ठावं हाय. मी बी तसाच वागलोय."

रुक्माबाईनं सरकून चटईवर जागा केली आणि बायाक्काला हात धरून शेजारी बसवलं.

कंपनीला अर्ज लिहायला दुर्गानं टाक शाईत बुडवला. "पूर्ण नाव?"

यल्लाप्पा सांगायला लागला. रुक्माबाई म्हणाली, "तिला सांगू द्या."

पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव. इकडं बाई ते घेते फक्त उखाण्यात. नवरा गेल्यावर तर उखाणाही संपतो. बायाक्कानं पदर दातांत धरला. सासऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

"बायाक्का," ती म्हणाली. मग घरभर ऐकू जाईल असं, "बायाक्का भरमू."

यल्लाप्पानं डोळ्यांना उपरणं लावलं. वर्षभरात त्याच्या घरात भरमूचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

नमुन्यासाठी बाहेर काढलेला मी त्या नव्या अक्षरांशेजारी चटईवर पडून होतो. शाई अजून ओली होती. तुमच्या ट्रंकेतही माझ्यासारखा एखादा कागद असेल. भाव नंतर विचारा. आधी तो बाहेर काढा, त्यावर कुणाचं नाव हवं ते ठरवा, आणि ते ज्याचं त्याला, जिचं तिला, स्वतःच्या तोंडानं सांगू द्या.