हेरोनचा कुंचला

हेरोन मरायला टेकला तेव्हा त्याने आपलं जे होतं ते वाटून दिलं. अथेन्सच्या कुंभारवाड्यातलं दुकान आणि भट्टी मुलाला, फानियासला. घड्यांवर चित्रं काढायचा बारीक केसांचा कुंचला गुलामाला, मानेसला. आणि लगेच, शेजाऱ्यांच्या देखत, त्याने मानेसला गुलामीतून मोकळंही केलं.

दोघं लहानपणी एकाच चाकापाशी शिकले होते. आता फानियासकडे भट्टी होती, तरी त्याच्या मनात सलत राहिला तो कुंचलाच.

मानेसने गल्लीच्या टोकाला लहानसं दुकान टाकलं, मागे छोटीशी भट्टी घातली. गिऱ्हाइकं फानियासच्या दारावरून पुढे जायची आणि तिथे थांबायची. एक दिवस शेजाऱ्याकडच्या नव्या घड्याच्या बुडाशी फानियासने अक्षरं वाचली : 'मानेसने केला.'

घरी येताच तो बायकोवर उखडला. "मान्या नाव घालायला लागलाय घड्यावर! कालपर्यंत आमची माती तुडवत होता."

"तुडवत होता तेव्हाही रेघ त्याचीच सुरेख यायची," मिका म्हणाली. "जेवून घ्या आधी. मसूर गार होतोय."

"आणि मला नावाने हाक मारतो. फानियास म्हणे! धाकले मालक म्हणताना जीभ झडत होती का?"

"तुम्ही तरी त्याला कुठे धड नावाने हाक मारता?"

फानियासने भाकरी पुढ्यात ओढली.

दोन दिवसांनी स्ट्राटोन आला. बंदराकडे त्याचा घड्यांचा मोठा कारखाना होता. मानेसविरुद्ध त्याने तक्रार केली होती, की हा मोकळा झालेला गुलाम कोणी पाठीराखा नागरिक नसतानाच शहरात राहतो. हे खरं ठरलं तर मानेस पुन्हा बाजारात विकला जाणार होता. मालकाचा मुलगा म्हणून पाठीराखा खरा फानियासच. पण तसं त्याने अधिकाऱ्यापुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं.

"तुला खोटंसुद्धा बोलायचं नाही," स्ट्राटोन म्हणाला. "नुसतं गप्प राहायचं."

गप्प राहणं फानियासला मुळीच अवघड वाटलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मानेस स्वच्छ अंघोळ करून आला होता. नखांतला गेरू तेवढा निघाला नव्हता. कमरेला कुंचला खोचलेला होता.

"याचा पाठीराखा कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

मानेसने फानियासकडे पाहिलं. फानियास त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर कुंचल्यावर होती. संपली एकदाची ही मिजास, असं त्याच्या मनात आलं.

"कोणी आहे का?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

शेजारी उभ्या असलेल्या स्ट्राटोनने खुशीत फानियासच्या कानाशी तोंड नेलं. "याच्यासाठी चाक मी बसवूनसुद्धा ठेवलंय. खिडकीपाशी, छान उजेडात. कुंचल्यासकट विकत घेतो की नाही बघ!"

फानियास त्याच्यापासून झटकन बाजूला सरला. बापाचा कुंचला, बापाने वळण लावलेला हात, आणि तो या स्ट्राटोनच्या खिडकीपाशी चालणार?

"मी!" तो इतक्या जोरात ओरडला की अधिकारी दचकला. "मी आहे पाठीराखा. हेरोनचा मुलगा फानियास. आणि हा मान्या... मानेस. हा आमचा आहे."

बाहेर पडल्यावर मानेसला हुंदका आवरेना. "फानियास, तुझे उपकार..."

"उपकार-बिपकार काही नाही. बापाचा कुंचला त्या स्ट्राटोनच्या घरात नको, म्हणून बोललो. चल, नीघ."

पुढच्या भाजणीतून निघालेला पहिला घडा मानेसने त्याच्याकडे पाठवून दिला. घड्यावर चाकाशी वाकलेला एक म्हातारा होता. त्याच्या खांद्याचा बाक अगदी हेरोनचा. पायाशी अक्षरं होती : 'मानेसने केला. हात हेरोनचा.'

फानियासने ते दोनदा वाचलं. बापाचं नाव आजवर त्याच्या एकट्याचं होतं. त्याने घडा फळीवर ठेवला आणि चित्र भिंतीकडे फिरवलं.

सकाळी झाडताना मिकाने तो सरळ केला. दुपारी फानियासने पुन्हा फिरवला. त्या घरात हे वर्षानुवर्षं चाललं. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल एक शब्द बोललं नाही, आणि घड्याला कधी टवकाही पडला नाही.