मोठ्या बाईंची टेकडी

धाकट्या बाईंनी श्वास रोखला, नाक खांद्यात खुपसलं आणि चौकोनी काचनळीत पिरिडिन या उग्र रसायनाचा एक थेंब सोडला. सडलेल्या मासळीसारखा वास खोलीभर पसरला. नळीतलं मळकट, तपकिरी झाक असलेलं द्रावण डोळ्यांदेखत निवळलं आणि स्वच्छ हिरवं झालं.

“झालं! आता मोठ्या बाई आल्या तर दोघांचीही धडगत नाही,” मागून जांभळेबुवा म्हणाले.

बुवा म्हणजे प्रयोगशाळेत रेणू घडवणारे गृहस्थ. रोज रंगांत हात घालून बोटं कायमची जांभळी झालेली, त्यात सतत काहीतरी गुणगुणायची सवय, म्हणून हे नाव पडलं होतं. मोठ्या बाई इथल्या प्रमुख आणि धाकट्या बाई त्यांची सख्खी बहीण. बुवांनी घडवायचं, धाकट्या बाईंनी त्यातून प्रकाश सोडून कुठला रंग किती गिळला जातो ते मोजायचं आणि मोठ्या बाईंनी त्याचा अर्थ जगाला सांगायचा, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली होती.

पिरिडिनला मात्र या मजल्यावर थारा नव्हता. मोठ्या बाईंना अर्धशिशी होती. त्या वासाने डोकं उठलं की सगळा दिवस पाण्यात जाई. म्हणून त्यांनी पहिल्याच महिन्यात ती बाटली हद्दपार केली होती. नव्या माणसाला आधी ही बंदी सांगितली जाई आणि मग आग विझवायचं यंत्र दाखवलं जाई. आजची बाटलीही खालच्या मजल्यावरून उसनी आणलेली होती.

“बघा,” धाकट्या बाई मापनयंत्राच्या पडद्याकडे बोट करून म्हणाल्या.

गिळलेल्या प्रकाशाची रेषा डावीकडून निघाली, नेहमीच्या उंच सुळक्यावर चढली आणि खाली उतरली. उजव्या टोकाला, लांबच्या तांबड्या प्रकाशात, ती दरवेळी पुन्हा चढायची. त्या चढाला सगळे ‘मोठ्या बाईंची टेकडी’ म्हणत. आज तिथे काही नव्हतं. रेषा माळरानासारखी सपाट गेली.

पॉर्फिरिन म्हणजे अणूंचं एक कडं. पानातला हिरवा आणि रक्तातला तांबडा रंग अशाच कड्यांतून येतो. सृष्टी करणाऱ्याने एकाच साच्यातून पान घडवलं आणि रक्तही घडवलं. बुवा अशा कड्यांच्या पोटात जस्ताचा अणू बसवत आणि कड्याला कडं जोडून लांब माळ करत. त्या माळेत इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे धावतात, म्हणून ती इतर रेणूंना न पेलणारा दूरचा तांबडा प्रकाशही पिते, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. त्याचा पुरावा ही टेकडी. तिच्यावर त्यांचं नाव उभं होतं.

धाकट्या बाईंना शंका आली ती द्रावण पातळ करताना. निम्मं केलं तर टेकडीही निम्मी व्हायला हवी. ती जवळजवळ बसलीच. म्हणजे हा एकेका माळेचा गुण नसावा. माळा पाण्यातल्या ओल्या पानांसारख्या एकमेकींना चिकटत असाव्यात आणि प्रकाश पीत असेल तो त्यांचा ढीग. पिरिडिन जस्ताला जाऊन बिलगतं, मग माळांना चिकटायला जागा उरत नाही. सारा उलगडा एका थेंबाचा होता.

“म्हणजे मी इतकी वर्षं कडी जोडून जोडून डोळे फोडले, आणि करामत गर्दीची?” बुवा खुर्चीत बसले.

“तुमच्या माळा चोख आहेत हो. त्या दाटीवाटीने बसल्या होत्या, इतकंच.”

“परवा त्यांचं सन्मानाचं व्याख्यान आहे. बाई, तुम्हाला नोकरीत कायम करायचा कागदही त्यानंतरच पुढे जाणार आहे. जरा दम धरा ना. व्याख्यान होऊ द्या.”

“आणि तिने भर सभेत खोटं बोलायचं? माहीत नसताना बोलली तर ती चूक. मला माहीत असून तिला बोलू दिलं, तर ते पाप माझं.”

बुवांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं.

घरी मोठ्या बाई व्याख्यानाच्या वेळी घालायचा कोट इस्त्री करत होत्या. आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती. तिच्या वेण्या घालणं, तिचा ताप उतरवणं, तिला पाढे शिकवणं, सगळं ताईने केलं. रसायनशास्त्राचे पहिले धडेसुद्धा स्वयंपाकघराच्या ओट्याशी, साखर विरघळवता विरघळवता दिलेले. अशा माणसाला सांगायचं म्हणून वाटेत जुळवलेली वाक्यं दारातच सांडली.

“ताई, टेकडी खरी नाही.”

इस्त्री थांबली. धाकटीने सगळं सांगितलं. कोटाच्या बाहीतून करपल्याचा वास आला तशी मोठ्या बाईंनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

“थेंब टाकायला कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मलाच वाटलं.”

“मलाच वाटलं,” त्या हळूच म्हणाल्या. “इतक्या वर्षांत नाही वाटलं ते?”

“तुझं डोकं दुखतं म्हणून—”

“चल. दाखव मला.”

प्रयोगशाळेत मोठ्या बाईंनी नाकाला रुमाल लावला नाही. बाटली स्वतः उघडली, थेंब स्वतः टाकला. कपाळावरची शीर टरारून फुगली, डोळ्यांत पाणी आलं, पण रेषा शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. रेषा सपाटच गेली.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मी व्याख्यानात सांगणार. सगळ्यांसमोर.”

“ताई!”

“झाकून ठेवण्यातली मी नाही, हे तुला कळायला हवं होतं. तू नको काळजी करू. कसं सांगायचं ते मी बघते.” आणि त्यांनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवत तसाच. धाकट्या बाईंना भरून आलं. अशी बहीण मिळायलाही भाग्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सभागृह गच्च भरलं होतं. धाकट्या बाई आणि बुवा मागच्या रांगेत बसले. मोठ्या बाईंचा आवाज पहिल्यापासूनच माणूस बांधून ठेवणारा. त्यांनी टेकडी दाखवली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी शेजारी दुसरी रेषा दाखवली आणि म्हणाल्या, “आणि हे सत्य आहे.”

त्यांनी काही लपवलं नाही. चिकटणाऱ्या माळा, ढीग, थेंब, सारं सोपं करून सांगितलं. धाकट्या बाईंच्या छातीत अभिमान मावेना.

“तुम्ही विचाराल, हे इतकी वर्षं कसं दिसलं नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “असे रेणू मोजताना पिरिडिनचा थेंब टाकून पाहायचा असतो. नवशिका विद्यार्थीही टाकतो. आमच्याकडे तो टाकला गेला नाही. मापनाचं काम माझ्या सख्ख्या बहिणीकडे होतं. मी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, हा माझा दोष. पण ती माझी बहीण आहे म्हणून मी तिची चूक पोटात घालणार नाही. विज्ञानात नातं नसतं.”

धाकट्या बाईंचे हात मांडीवर होते तसेच राहिले. व्यासपीठावर ताई पाण्याचा घोट घेत होती.

बुवा ताडकन उठू लागले. “अहो, बंदी कुणाची होती? मी सांगतो सगळ्यांना—”

धाकट्या बाईंनी त्यांची बाही धरली. “बसा, बुवा.”

“बाई, तुमच्या पोटावर पाय आला हा!”

“दिसतंय मला. बसा.”

बुवा बसले. पुढच्या रांगेतून कुणीतरी उभं राहिलं, मग त्यामागचं कुणी, आणि बघता बघता अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. समोर माणसांची भिंत झाली. धाकट्या बाईही उठल्या. बसून राहिलं असतं तर ताई दिसली नसती.

पलीकडच्या खुर्चीजवळ एक वयस्क बाई उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“काय मन आहे हो! पाठच्या बहिणीलासुद्धा पाठीशी घातलं नाही. असं माणूस आता शोधून सापडायचं नाही.”

“हो,” धाकट्या बाई म्हणाल्या.

“तुम्ही पण याच क्षेत्रातल्या का? काय करता?”

“सध्या काही नाही,” धाकट्या बाई म्हणाल्या, आणि बाकीच्यांच्या टाळ्या थांबेपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या.