मिस्त्रीचा प्लाझ्मा

"तुझा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसणार नाही, पण त्या थोरल्या सुनेनं कपाटात घोडा लपवलाय," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं समोरच्या काळ्याशार काचेकडे बोट दाखवलं. बोट दाखवण्यात तसा काही अर्थ नव्हता. शेजारच्या खुर्चीतल्या बायकोला आता बोट दिसत नव्हतं, काच दिसत नव्हती, आणि काचेवर दिसण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"जिवंत घोडा?" तिनं विचारलं.

"मग काय लाकडाचा? शेपटीनं कोट झटकतोय सगळ्यांचे."

"आणि सासूला वास येत नाही?"

"सासूला सर्दी आहे."

ती हसली. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

टीव्ही परवाच गेला होता. आधी मधोमध एक हिरवी रेघ उभी राहिली, मग आत कुणी बोट मोडल्यासारखा आवाज झाला आणि एवढं थोरलं धूड एका क्षणात काळं पडलं. ती तेव्हा अंघोळीला गेली होती. मिस्त्रीनं त्याला मागून थोपटलं, पुढून थोपटलं, दोन शिव्या घातल्या, मग माफीही मागितली. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला घाईघाईनं वर बोलावलं. त्यानं आत टॉर्च मारला आणि मान हलवली.

"काका, ह्या प्लाझ्मा टीव्हीचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. भंगारात काढा."

"हळू बोल. ऐकू जाईल तिकडे."

दुरुस्तीवाल्याला वाटलं, टीव्हीलाच ऐकू जाईल म्हणतायत. म्हाताऱ्याची कीव येऊन तो पैसे न घेताच खाली उतरला.

ती बाहेर आली, भिंतीला हात लावत लावत आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "लावा."

"लावला," मिस्त्री म्हणाला.

टीव्हीचा आवाज गेल्या वर्षीच बसला होता. तेव्हापासून पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत आणि बोलण्याचं काम मिस्त्री करत असे. सासूला घोगरा आवाज, वकिलाला नाकातला, लहान मुलांना त्याच्या स्वतःच्या खोकल्यामुळे मध्येच फाटणारा. मालिका त्यामुळे सुधारली, हे मात्र खरं. मूळ मालिकेत दोन जावा गळ्यात गळे घालून रडायला लागल्या की मिस्त्रीच्या मालिकेत त्या बँक लुटायचा बेत करत. फरक इतकाच, की तेव्हा थापेला टेकायला समोर हलती चित्रं होती. आता नुसती काळी काच होती, आणि त्या काचेत त्याचं स्वतःचं टक्कल.

तिला हे कळू देऊन चालणार नव्हतं. कारण चिरंजीव.

चिरंजीव तसा वाईट नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं नवं घर होतं, आणि त्या घरात आईवडिलांसाठी एक खोली रंगवून तयार होती. मागे शेगडीवर आईचा हात भाजला तेव्हा तो हट्टालाच पेटला.

"बाबा, आता पुरे. चला माझ्याकडे."

मिस्त्रीनं सबब शोधायला खोलीभर नजर फिरवली. ती टीव्हीवर अडली.

"आणि ह्याला कसं न्यायचं? ह्याचं कपाट मी ह्या खोलीत बसून ठोकलंय. दारातून निघत नाही ते."

"मग हा चालतोय तोवर राहा इथे," चिरंजीव वैतागून म्हणाला. "ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी दोघांनी निघायचं. कबूल?"

"कबूल! तुझ्या नातवाला पुरेल हा."

ती तेव्हा तिथेच बसली होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. जन्मभर दरवाजे बसवलेल्या मिस्त्रीला कुठलंही दार कुठे अडतंय हे आवाजावरून कळत असे, पण बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला कधी लागला नव्हता. कदाचित तिला जायचंही असेल. मुलाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. टीव्ही गेल्याचं कळलं असतं तर फोन आल्याबरोबर तिनं सांगून टाकलं असतं. मिस्त्रीला जायचं नव्हतं. इथल्या प्रत्येक कडीकोयंड्याला तिचा हात न चुकता जात होता. परक्या घरात ती खुर्चीतून उठायलासुद्धा कुणाची तरी वाट बघत बसली असती, आणि ते त्याला बघायचं नव्हतं.

मुळात टीव्ही घेतला तो तिच्यासाठीच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, मोठं असेल ते अजून काही वर्षं दिसेल. मिस्त्री दवाखान्यातून थेट दुकानात गेला आणि तिथला सगळ्यात मोठा प्लाझ्मा सांगून आला. साठ इंच. सुताराच्या हिशेबात साठ इंच म्हणजे साठ इंच रुंद. त्यानं टीव्ही यायच्या आधीच कपाट ठोकून ठेवलं. टीव्ही आला आणि कपाटात सैल पडला. मिस्त्री टेप घेऊन दुकानात भांडायला गेला.

"काका, हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात," दुकानदार म्हणाला.

"तू काय दारातून तिरका येतोस का रे?"

दुकानात हशा पिकला, पण मिस्त्री हरला नाही. घरी येऊन त्यानं दोन्ही बाजूंच्या फटींत अरुंद फळ्या बसवल्या आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की परदेशात अशीच पद्धत आहे. शेजारीपाजारी पाठीमागे म्हणत, बायकोला दिसेना आणि ह्यानं भिंतीएवढा टीव्ही आणलाय. म्हणू देत. तिची खुर्ची दर वर्षी थोडी थोडी पुढे सरकत गेली. आता तिचे गुडघे कपाटाला टेकत होते.

"अहो, घोड्याचं पुढे काय?" तिनं त्याच्या दंडाला ढोसलं.

"घोडा?" मिस्त्री सावरला. "घोड्यानं आतून कडी काढली. हा बघ, निघाला बाहेर..." आणि तो मान वर करून झकासपैकी खिंकाळला.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. दारात चिरंजीव उभा होता, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात फळांची पिशवी. काळ्या पडद्यासमोर कपाटाला गुडघे लावून बसलेली आई आणि खिंकाळणारे वडील त्यानं आळीपाळीनं पाहिले. मिस्त्रीनं ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यानं भागेना तेव्हा त्यानं हातच जोडले.

"कोण आलं?"

"मी, आई."

"बस पटकन. घोडा सुटलाय."

चिरंजीव बसला नाही. मिस्त्रीची जीभ मात्र थांबेना. "घोडा गेला जिन्यानं खाली. आणि इकडे दिवाणखान्यात जावईबापू निवांत चहा पितायत. त्यांना पत्ताच नाही. कप खाली ठेवतात, आणि..."

"बाबा," चिरंजीव म्हणाला. "टीव्ही बंद आहे."

तो ओरडला नाही. उलट फार हळू बोलला, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. मिस्त्रीनं जोडलेले हात मांडीवर ठेवले.

"आत्ता गेला," तो म्हणाला. "ह्या क्षणाला. तू दार आपटलंस आणि..."

बायकोनं हात पुढे केला आणि तळहात काचेवर टेकवला.

"परवापासून गार आहे," ती म्हणाली. "चालू असला की तोंडावर धग येते त्याची. मला काय, कळत नाही होय?"

चिरंजीव आईजवळ येऊन उकिडवा बसला.

"आई, मग आता ठरल्याप्रमाणे..."

"कुणाचं ठरलं? बापलेकांचं. मला विचारलं होतं का कुणी?"

"हात भाजला होता तुझा."

"भाजला. तुझ्या घरात तर शेगडी कुठे आहे तेही मला ठाऊक नाही. इथे निदान कुठे भाजणार ते माहीत असतं."

चिरंजीवानं पिशवी उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली. "बरं, मग नवा टीव्ही तरी आणू दे. पातळ असतात आता. आवाजपण चांगला असतो."

"नको. मग ह्यांनी करायचं काय?"

"आई, पण असं काळ्या काचेसमोर बसून..."

"तुला बघायचं नसेल तर आत जाऊन फळं काप. आमची मालिका मध्येच तुटली."

चिरंजीव उठला, पण आत गेला नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून आईच्या मागे टेकला. मिस्त्रीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. घसा खाकरला. छाती आपोआप पुढे आली आणि आवाज पहिल्यापेक्षा मोठा झाला.

"हां, तर जावईबापू चहा पितायत, आणि..."

"थांबा," ती ताडकन त्याच्याकडे वळली. "जावयाला काल तुम्ही तळ्यात बुडवून मारलात. प्रेतसुद्धा वर काढलंत, मी रडले त्याच्यासाठी. चहा कसला पितोय? धडधडीत खोटं सांगताय तुम्ही!"